कब्बालाच्या सृष्टीत माणसाच्या वाट्याला काय येतं?

एका ताईंनी प्रश्न पाठवलाय. घर वारकरी, वाचन दांडगं, आणि अलीकडे कब्बालावरचे, म्हणजे ज्यूंच्या गूढविद्येवरचे, बरेच व्हिडिओ बघून झालेत. त्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात. कब्बालात माणूस सृष्टीचा शिरोमणी मानलाय का? तिथली आध्यात्मिक वाढ म्हणजे शेवटी आपला मोक्षच का? आणि हे सगळं खरं धरलं, तर रोजच्या दिवसात करायचं काय?

पहिल्याचं उत्तर हो, पण हुद्द्याने नाही, कामाने. दुसऱ्याचं, नाही. तिसऱ्याला सगळ्यात जास्त जागा लागेल. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, ठाण्यात वाढलेला. हा विषय गुरूपाशी बसून शिकलोय आणि आता चार माणसांना शिकवतो. म्हणून जे लिहितोय ते आतून लिहितोय. इतिहासकारांशी मात्र माझं भांडण नाही.

कब्बालाची सृष्टी चार थरांची आहे. वरचा अत्सिलुत, तिथे देवापासून वेगळं असं काही नाहीच. मग बेरिया, मग येत्सिरा, आणि तळाला असिया, म्हणजे आपलं हे हाताला लागणारं जग. मधल्या थरांत देवदूत. उंचीच मोजायची तर माणूस पार खाली. देवदूत त्याच्याहून शुद्ध, त्याच्याहून जाणते. त्यांना भूक नाही, मत्सर नाही, उद्याची काळजी नाही. तरी माणूस मोठा का? जखर्या संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायात महायाजकाला वचन मिळतं की इथे जे उभे आहेत, त्यांच्यात तुला मी चालण्याफिरण्याची मोकळीक देईन. भाष्यकार सांगतात, उभे आहेत ते देवदूत आणि चालतो तो माणूस. देवदूत ज्या पायरीवर निर्माण झाला त्याच पायरीवर अखेरपर्यंत राहतो. तो चढत नाही कारण तो घसरतही नाही. माणूस सकाळी एका पायरीवर असतो आणि दुपारी, कुणाशी तरी तोंडातोंडी झाल्यावर, दुसऱ्या. ही अस्थिरता म्हणजेच त्याचं भांडवल.

आता खालच्या बाजूने बघू. जड, वनस्पती, प्राणी आणि बोलणारा, म्हणजे माणूस, अशा चार पायऱ्या सगळ्या कब्बालिस्टांनी मानल्या आहेत. विसाव्या शतकात वॉर्सातून जेरुसलेमला आलेल्या येहुदा अश्लाग (१८८५–१९५४) यांनी तर याच पायऱ्यांवर माणसाच्या इच्छांची सगळी मांडणी केली. वरवर पाहता वाटेल की ही उतरंड आहे, वरच्याने खालच्याला वापरावं. साफेदचे मोशे कोर्दोवेरो (१५२२–१५७०) यांनी ‘तोमेर देवोरा’ या छोट्याशा पुस्तकात नेमकं उलटं लिहिलंय. गरजेशिवाय रोप उपटू नये, गरजेशिवाय जीव मारू नये, कुठल्याच निर्मितीला तुच्छ लेखू नये. खालची प्रत्येक पायरी वरच्या पायरीत चढायची वाट बघत असते, आणि गरजेपुरतं घेतलं तरच ती चढते.

शुक्रवारी रात्री शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणाआधी पाव मोडतात तेव्हा हे हातात दिसतं. तुकडा मिठात तीनदा टेकवायचा, ही कब्बालिस्टांची रीत. मीठ जड, गहू वनस्पती, आणि आशीर्वादाचे शब्द बोलणाऱ्याचे. तुकडा तोंडात जातो, त्या घासाची ताकद बनते, आणि त्या ताकदीने माणूस उठून काय करतो यावर मीठ आणि गहू वर गेले की तिथेच राहिले ते ठरतं. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथात एक बोचरं वाक्य आहे की अज्ञानी माणसाला मांस खायचा अधिकार नाही. कब्बालिस्ट त्याचा अर्थ असा लावतात की ज्याला स्वतःला वर जायचं नाही, तो त्या जनावराला कुठे नेणार? म्हणजे शिरोमणी असण्याची ही किंमत आहे. तुम्ही घसरलात तर एकटे घसरत नाही.

पण वर न्यायला मुळात खाली काय पडलंय? इथे थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर पुढची कथा अधांतरी वाटेल.

झोहर हा कब्बालाचा मुख्य ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कास्तीलमध्ये प्रकट झाला. परंपरा तो दुसऱ्या शतकातल्या रब्बी शिमोन बार योहाय यांचा मानते. गेर्शोम शोलेम (१८९७–१९८२) या थोर अभ्यासकाने भाषेचा कीस काढून सांगितलं की त्याचा मुख्य भाग मोशे दे लिओन (मृत्यू १३०५) यांनी लिहिला. मी झोहर रब्बी शिमोनचा म्हणून वाचतो आणि शोलेमही वाचतो, त्यात मला अडचण आलेली नाही. १४९२ साली स्पेनने ज्यूंना हाकलून दिलं. विस्थापितांपैकी अनेक जण पुढे गालिलच्या डोंगरातल्या साफेदला पोचले. तिथे एकाच पिढीत कोर्दोवेरो, धर्मशास्त्राची संहिता रचणारे योसेफ कारो आणि इस्हाक लुरिया एकत्र आले. लुरियांना सगळे ‘आरी’ म्हणतात. जन्म जेरुसलेमचा, १५३४ सालचा. वाढले इजिप्तमध्ये, १५७० मध्ये साफेदला आले आणि १५७२ मध्ये साथीत गेले, वयाच्या ३८व्या वर्षी. जेमतेम दोन वर्षं शिकवलं आणि स्वतः जवळजवळ काहीच लिहिलं नाही. आज आपल्याकडे जे आहे ते शिष्य हाईम वितल (१५४२–१६२०) यांनी लिहून ठेवलेलं. आरी गुहेत बसणारे नव्हते हेही ध्यानात ठेवा. ते व्यापारी होते. त्यांच्या मिरीच्या सौद्याचा कागद कैरोच्या गेनिझात, म्हणजे सिनेगॉगच्या जुन्या कागदांच्या कोठीत सापडलाय.

आरींची कथा अशी. आधी फक्त एन सोफ, अनंत. त्याचा प्रकाश इतका भरून राहिलेला की दुसऱ्या कशालाही जागा नाही. मग अनंताने मध्यातून स्वतःला आवरून घेतलं. याला त्सिमत्सूम म्हणतात. जी पोकळी झाली तिच्यात प्रकाशाची एक बारीक रेघ उतरली आणि तो प्रकाश धरायला दहा पात्रं घडली, दहा सेफिरोतांची, म्हणजे देवाच्या सृष्टी चालवणाऱ्या दहा शक्तींची. वरची तीन टिकली. खालच्या सातांना तो भार पेलला नाही आणि ती फुटली. बराचसा प्रकाश आला तसा परत गेला, पण काही ठिणग्या, वितल २८८ म्हणतात, फुटक्या तुकड्यांना चिकटून खाली घरंगळत आल्या. ठिणगीला झाकणारं ते टरफल म्हणजे क्लिपा. जगात जे जे वाईट आहे ते या टरफलांच्या जोरावर उभं आहे, आणि टरफलाला स्वतःचा जीव नसतो. आतली ठिणगी आहे तोवरच ते टिकतं.

यातली एक गोष्ट फार लोक बघत नाहीत. मोडतोड माणसाने केलेली नाही. ती त्याच्या कितीतरी आधी झाली. देवाने वरची बरीचशी डागडुजी करून घेतली आणि शेवटचा खालचा टप्पा मुद्दाम शिल्लक ठेवला. तो पुरा करायला आदाम आला. सगळे आत्मे त्याच्या एका आत्म्यात सामावलेले होते. शब्बाथ लागेपर्यंत थांबला असता तर काम तिथेच संपलं असतं, पण त्याला धीर निघाला नाही. पुन्हा पडझड झाली, त्याचा आत्माही विखुरला आणि ते तुकडे म्हणजे आपण. त्यामुळे तुम्ही आणि मी या जगात आरोपी म्हणून आलेलो नाही, निव्वळ पाहुणे म्हणूनही नाही. अर्धवट राहिलेल्या कामावर आलोय.

हे काम देवाने आपलं आपण का केलं नाही, हा प्रश्न प्रत्येक नवा विद्यार्थी पहिल्या महिन्यात विचारतो. पादुआचे मोशे हाईम लुझ्झातो (१७०७–१७४६) यांनी याचं उत्तर फार मोकळेपणाने दिलंय. देवाला द्यायचं होतं. पण आयत्या घासाची लाज वाटते. दुसऱ्याच्या पानावर रोज फुकट जेवणारा माणूस मान वर करून बघू शकत नाही. म्हणून देणं असं ठेवलं की ते कमवल्यासारखं व्हावं. जगात अंधार, आळस, मोह हे सगळं ठेवलंय ते निवडीला जागा राहावी म्हणून. देवदूतांना ही लाज नाही कारण त्यांना निवडच नाही.

झोहर तर याच्याही पुढे जातो. वरून काही हलायचं असेल तर आधी खालून हललं पाहिजे, असं तो वारंवार म्हणतो. देवाची जगात वसणारी बाजू, जिला शेखिना म्हणतात, ती आपल्यासोबत परागंदा आहे, आणि इथे कुणी एक नेक काम केलं की वरचं तुटलेलं नातं तेवढं सांधतं. साफेदच्या प्रभावाने लोक कुठलंही धर्मकृत्य करण्याआधी एक वाक्य म्हणू लागले, ‘पवित्र एकाचं आणि त्याच्या शेखिनेचं ऐक्य व्हावं म्हणून’. प्रागचे मोठे रब्बी यहेझ्केल लांदाऊ (१७१३–१७९३) यांनी त्याला कडक विरोध केला. काम करा, मोठमोठे हेतू बोलून दाखवू नका, असा त्यांचा सूर. मी ते वाक्य म्हणतो, पण लांदाऊंचं म्हणणं मला पटतं. हेतू बोलण्यातच ज्याचं समाधान होतं त्याच्या हातून काम राहून जातं, हे मी खूपदा पाहिलंय.

आता मोक्ष. ताई, इथे तुमच्या ओळखीची चौकट थोडी बाजूला ठेवावी लागेल.

वेदान्तात आत्मा पूर्णच आहे, अज्ञान गेलं की झालं. कब्बालात आत्मा पुरता मिळालेलाच नाही. झोहर सांगतो की जन्मताना माणसाला नेफेश मिळतो, देह चालवणारा. त्याने पात्रता दाखवली तर रुआह मिळतो, भावना आणि वाणीचा. आणखी वाढला तर नेशामा, समज. त्यावर हाया आणि येहिदा, ज्यांची साधारण माणसाला क्वचित झुळूक लागते. पुष्कळ लोक आयुष्यभर नेफेशवरच जगतात, आणि झोहरला त्यात काही धक्कादायक वाटत नाही. पुनर्जन्म आहे, गिलगुल म्हणतात. पण तो चक्र म्हणून फारसा भेडसावत नाही. एखादं कर्तव्य राहिलं, एखादा माणूस दुखावलेला राहिला, तेवढ्यासाठी आत्मा परत येतो. कधी कधी दुसऱ्याचं काम उरकायला मदत म्हणूनही येतो. सुटका हे ध्येय नाही. सगळ्या ठिणग्या वर गेल्या की हेच जग, याच मातीसकट, देवाला राहायला योग्य होईल, अशी आशा आहे. हासिदी, म्हणजे अठराव्या शतकातल्या ज्यू भक्तिचळवळीच्या, परंपरेतल्या श्नेऊर झाल्मन (१७४५–१८१२) यांनी तर लिहिलंय की देवाला तळातल्या जगातच घर हवंय. वारकऱ्यांनाही मुक्तीची फारशी हाव नसते, पुन्हा जन्माला येऊन नाम घ्यायला ते तयार असतात. त्यामुळे तुम्हाला हे वेदान्त्यापेक्षा लवकर कळेल असं वाटतं. फरक एवढाच की कब्बालातला माणूस पुन्हा येतो तो भक्तीच्या गोडीने कमी आणि थकलेल्या बाकीपायी जास्त.

तुमचा मागचा जन्म कोणता, हे मला विचारू नका. आरी कपाळ बघून सांगत अशी आख्यायिका आहे. आज जो सांगतो तो बहुतेक पैसे घेतो.

करायचं काय, यावर वितल यांनी ‘शआरे केदुशा’त एक विचार मांडलाय. तोराह या आमच्या मूळ धर्मग्रंथातल्या ६१३ आज्ञांत स्वभावदोषांवर वेगळ्या आज्ञा फारशा का नाहीत? कारण स्वभाव हा त्या सगळ्या आज्ञांचा पाया आहे, म्हणून त्याला आज्ञांहूनही जास्त जपायचं. सगळ्यात वाईट दोष राग. इतर पापांनी आत्म्याचा एखादा अवयव दुखावतो, रागाने सगळा आत्माच निघून जातो आणि आजवर कमावलेलं त्याच्यासोबत जातं, असं आरी शिकवत. वितल स्वतःचाच प्रसंग सांगतात. ते धाकट्या भावाला शिकवत होते, भावाला येईना, वितल चिडले. आरींनी त्यांना याबद्दलही बजावलं. बघा, चिडले होते ते काही उगाच नाही, धर्मग्रंथ शिकवतानाच. तरी सूट नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी ध्यान, अक्षरं, नामं यातलं काही आधी देत नाही. आठवडाभर राग कुठे कुठे आला ते बघायला सांगतो. निम्मे लोक परत येत नाहीत.

सकाळच्या प्रार्थनेआधी आरी ‘शेजाऱ्यावर आपल्यासारखं प्रेम करीन’ ही आज्ञा मोठ्याने स्वीकारायला सांगत. प्रार्थनेच्या मध्यात उभ्याउभ्या दानपेटीत नाणी टाकायची त्यांची रीत होती. आधी दोन, मग एक. आजही अनेक सिनेगॉगमध्ये प्रार्थनेच्या त्या टप्प्यावर नाण्यांचा आवाज होतो. देवाची एवढी गूढ नामं म्हणत असताना मध्येच खिशात हात घालायला लावणं, यात आरींचा सगळा स्वभाव दिसतो असं मला वाटतं.

शरीराचाही इथे तिरस्कार नाही. सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या, रिवाजात, आणि तसंच आमच्याकडेही, शुक्रवारी दुपारच्या प्रार्थनेआधी ‘पताह एलियाहू’ हा उतारा म्हणतात. त्यात सेफिरोत शरीरावर मांडलेत. उजवा हात हेसेद, देणं. डावा हात गेवुरा, आवरणं. धड तिफेरेत, दोन्हींचा मेळ. पाय नेत्साह आणि होद, चिकाटी आणि नमतं घेणं. येसोद जोडणारा, मालखुत तोंड. माणूस देवाच्या प्रतिमेत घडला याचा कब्बालातला अर्थ हा. देवाला हात आहेत असं नाही, तर देण्याघेण्याच्या ज्या शक्तींनी सृष्टी चालते त्याच आपल्या हातापायांत बसवल्यात.

यावरून निघालेली सगळ्यात कामाची साधना म्हणजे ओमेर मोजणं. पेसाह या इजिप्तमधल्या सुटकेच्या सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून शावुओत या तोराह मिळाल्याच्या सणापर्यंत ४९ रात्री. खालच्या सात सेफिरोतांचे सात आठवडे, आणि प्रत्येक आठवड्यात पुन्हा त्याच सातांचे सात दिवस. पहिला दिवस हेसेदमधलं हेसेद, दुसरा हेसेदमधली गेवुरा, असं करत ३३वा दिवस होदमधलं होद. त्या रात्री रब्बी शिमोन यांच्या स्मरणार्थ मेरोनला, गालिलमधल्या त्यांच्या समाधीपाशी, लाखाच्या घरात माणसं जमतात.

दुसरा दिवस जवळून बघा. हेसेदमधली गेवुरा, म्हणजे देण्याला लगाम. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एक बाई आहेत, सगळ्यांसाठी राबणाऱ्या. सुनेच्या घरी गेल्या की न सांगता फ्रीज आवरायच्या, दोन भाज्या करून ठेवायच्या, नि मग सून काही बोलत नाही म्हणून रुसायच्या. त्या दिवशी त्यांना एवढंच काम होतं: हात लावण्याआधी विचारायचं. त्यांनी विचारलं. सून म्हणाली, “आई, आज नको, आज नुसत्या बसा.” बाई बसल्या आणि तो तास त्यांना फार जड गेला. दिल्याशिवाय आपली त्या घरात जागा काय, हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा समोर आला. आठव्या दिवशी उलट खेळ येतो, गेवुरातलं हेसेद. नाही म्हणायचंय, पण ते समोरच्याच्या भल्यासाठी की आपल्या चिडीपायी, हे तपासायचं. नवव्या दिवसाला, गेवुरातल्या गेवुरेला, मी स्वतः जरा बिचकून असतो. शिस्तीलाही शिस्त लावायची असते आणि कडक माणसांना तेच सगळ्यात अवघड जातं.

सात आठवड्यांनी माणूस बदलतो का? थोडासा. पुढच्या वर्षी तोच दुसरा दिवस येतो आणि तो जरा वेगळीकडे बोट ठेवतो. कब्बालातल्या वाढीचा वेग साधारण हाच आहे. दोन आठवड्यांत नेशामा जागी करून देणारी शिबिरं असतात, त्यांबद्दल मी आणखी काही लिहीत नाही.

ठिणग्या नि टरफलं यांचं एक गंमतशीर रूप आमच्या कोकणातही भेटतं. ज्यू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी, तूबिश्वातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, बेने इस्राएल एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, उरूस करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू येऊन गेले अशी श्रद्धा आहे. मलिद्याचं ताट मांडायचं: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. खजुरावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद, केळ्यावर जमिनीच्या फळाचा, कारण केळीचं खोड धर्मशास्त्र झाड मानत नाही. मलिदा कब्बालातून आला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तो अस्सल कोकणचा आहे. पण त्याच दिवशी कब्बालिस्टही फळांचं ताट मांडतात. त्याचा विधी १७५३ साली व्हेनिसमध्ये ‘पेरी एत्स हादार’ नावाने छापला गेला. बदाम, अक्रोड, डाळिंब अशी बाहेरून टरफल असलेली फळं असियाची. खजूर, ऑलिव्ह, बोर अशी आत बी असलेली येत्सिराची. द्राक्षं, अंजीर अशी सगळीच्या सगळी खाता येणारी बेरियाची. अत्सिलुतसाठी ताटात काही नसतं. मी दोन्ही एकाच ताटात मांडतो, आणि नारळ फोडायची वेळ आली की मुलांना विचारतो, हा कुठल्या जगातला?

आता एक अवघड गोष्ट, जी व्हिडिओंत सांगत नाहीत. मी वर ‘माणूस’ म्हणत आलोय. जुन्या ग्रंथांत अनेकदा त्याचा अर्थ ज्यू माणूस असाच आहे. झोहरमध्ये आणि श्नेऊर झाल्मन यांच्या पुस्तकाच्या अगदी पहिल्या प्रकरणात इतर लोकांच्या आत्म्यांबद्दल जे लिहिलंय ते तुमच्याने वाचवणार नाही. शतकानुशतकं छळ सोसलेल्या समाजाच्या लेखणीतून ते उतरलंय हे खरं, पण म्हणून ते झाकून ठेवणं मला पटत नाही. याच परंपरेत लिव्होर्नोचे रब्बी एलिया बेनामोझेघ (१८२३–१९००) झाले. ते कट्टर कब्बालिस्ट. त्यांनी आयुष्यभर मांडलं की इस्राएलचं याजकपण सगळ्या मानवजातीसाठी आहे, आणि नोआहच्या, म्हणजे सगळ्या मानवजातीला दिलेल्या, सात आज्ञांवर चालणाऱ्याचं स्थान देवापाशी तितकंच खरं आहे. मी त्यांच्या बाजूचा आहे. ठिणग्या साफेदपुरत्या पडल्या असं आरींनी कुठे म्हटलेलं नाही.

कब्बाला शिकायला असलेल्या वयाच्या अटींबद्दलही लोक विचारतात. १६६५ साली शब्बाताई त्स्वी नावाच्या माणसाने याच कब्बालाच्या आधाराने मसीहा झाल्याचं जाहीर केलं, अर्धं ज्यू जग त्याच्या मागे गेलं, आणि पुढच्याच वर्षी त्याने सुलतानापुढे इस्लाम स्वीकारला. त्या जखमेतून १७५६ मध्ये ब्रोडीच्या रब्बींनी ठरवलं की तिशीआधी झोहर नाही, चाळिशीआधी आरी नाही. पुण्याचाही याला एक छोटा संबंध आहे. १८८७ साली अब्राहम डेव्हिड इझिकेल या पुण्याच्या बगदादी ज्यू थिऑसॉफिस्टाने झोहरमधल्या ‘इद्रा झुता’ या अति गूढ भागाचं अरबी भाषांतर छापलं, तेव्हा रब्बी खवळले होते. आज सगळं इंटरनेटवर उघडं पडलंय आणि वयाची अट कोण पाळणार? पण तिच्यामागचा हेतू मला मान्य आहे. घरदार, कामधंदा, रुसवेफुगवे यांची सवय झाल्यावरच हा विषय नीट बसतो. लाल दोरे, ताईत, मंतरलेलं पाणी यांचा या वाटेशी संबंध नाही. चमत्कारी कब्बाला आज करू नये, असं आरींनीच शिष्यांना सांगितलं होतं.

ताई, झोहर आत्ता उघडू नका. मूळ अरामी भाषेत तो आम्हालाही चाचपडत वाचावा लागतो आणि भाषांतरात त्याची निम्मी गोडी निघून जाते. ‘तोमेर देवोरा’पासून सुरू करा. इंग्रजीत मिळतं, एका दुपारी वाचून होतं. पहिल्या प्रकरणात कोर्दोवेरो म्हणतात की माणूस ज्या क्षणी देवाचा अपमान करतो त्या क्षणीही देव त्याच्या हाताला बळ पुरवतच असतो, हात वाळवून टाकत नाही. तुम्हीही अपमान करणाऱ्याशी तसंच वागा. हे एक प्रकरण महिनाभर पुरेल. मग पेसाह आला की ४९ दिवसांची मोजणी करून बघा. हिब्रू आशीर्वाद म्हणायची तुम्हाला गरज नाही, तो आमच्यावर बंधनकारक आहे. वहीत रोज एक ओळ पुरे: आज कुणाला दिलं, कुठे आवरलं. दिवस संध्याकाळी सूर्यास्ताला सुरू होतो, तेवढं मात्र लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात एक दिवस मागे पडाल.